एपिस्कोपल शाळांतील नेतृत्वविकास

एपिस्कोपल शाळांतील नेतृत्वविकास : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एपिस्कोपल चर्चशी निगडित असलेल्या शाळांचे प्रमुख, विश्वस्त व शालेय धर्मोपदेशक यांना त्यांच्या कामासाठी तयार करण्याची आणि कामावर असताना त्यांचे ज्ञान व कौशल्य वाढवीत नेण्याची पद्धती. ‘एपिस्कोपल’ हा शब्द ‘एपिस्कोपॉस’ या ग्रीक शब्दापासून आला असून त्याचा मूळ अर्थ ‘देखरेख करणारा’ असा आहे. पुढे तो बिशप या धर्माधिकाऱ्यास लावला गेला. ज्या चर्चचा कारभार बिशपांच्या देखरेखीखाली चालतो, ते एपिस्कोपल चर्च होय. असे असले, तरी या चर्चच्या शाळांवर बिशपांची प्रत्यक्ष हुकमत क्वचितच चालते. अधिकार नेमका कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे शाळेगणिक नव्याने सोडवावा लागतो आणि शाळाप्रमुखाच्या प्रशिक्षणाचा तो गाभाच बनला आहे.

चर्च व शाळा : अमेरिकन राज्यक्रांतीपूर्वी वसाहतींतून चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मगुरू काम करीत. स्वातंत्र्यानंतर इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणे तेथील धर्मगुरूंना अशक्य झाले. तेव्हा १७८९ मध्ये फिलाडेल्फिया येथे भरलेल्या परिषदेत एपिस्कोपल चर्चची स्वतंत्र घटना संमत झाली. जगभर पसरलेल्या अँग्लिकन चर्चसमूहाचे ते एक अंग आहे. महाराष्ट्रातील वाचकांस त्याच परंपरेतील इंग्रजी शाखेच्या शाळा परिचित आहेत. मुंबईची कॅथीड्रल अँड जॉन कॉनन (१८६०), पुण्याची बिशप्स (१८६४) व सेंट मेरीज (१८६६) आणि देवळालीची बार्न्स (१९२५) या त्यांपैकी काही होत. भारतातील अँग्लिकन चर्च १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात विलीन झाले. या शाळांचा अमेरिकेतील एपिस्कोपल चर्चशी प्रशासकीय संबंध मात्र कधीच नव्हता.

अमेरिकेत शिशुशाळा धरून अशा हजाराहून अधिक शाळा आहेत. त्यांत पॅरिशच्या म्हणजे स्थानिक चर्चच्या दिवसशाळा, कॅथीड्रलशी जोडलेल्या शाळा, धर्मप्रांताच्या शाळा, धार्मिक संघांनी काढलेल्या शाळा आणि स्वतंत्र विश्वस्त मंडळांच्या वसतिगृहयुक्त शाळा असे अनेक प्रकार आढळतात. रोमन कॅथलिक शाळांप्रमाणे धर्मप्रांताचे एकछत्री शिक्षणखाते त्यांच्यावर नसते. अभ्यासक्रम, शुल्क, शिक्षकांच्या नेमणुका, प्रवेश या सर्व बाबी ज्या त्या शाळेच्या मंडळाकडे असतात. विद्यार्थ्यांपैकी बहुसंख्य एपिस्कोपल पंथाचे नसतात. ज्यू, मुसलमान व हिंदू कुटुंबांतील तसेच कोणताही धर्म न मानणाऱ्या घरांतील मुलेही तेथे शिकतात. शिक्षकवर्गही असाच संमिश्र असतो. अशा शाळेला ‘चर्चची शाळा’ का म्हणावयाचे, या प्रश्नाचे उत्तर पालक शाळाप्रमुखाकडेच मागतात.

गुरूकडून शिष्याकडे : सर्वांत जुन्या शाळांपैकी न्यूयॉर्कची ट्रिनिटी स्कूल १७०९ मध्ये, तर फिलाडेल्फियाची एपिस्कोपल अकॅडेमी १७८५ मध्ये सुरू झाली. परंतु अमेरिकन चर्च-शाळेला स्वतःचे रूप दिले ते विल्यम ऑगस्टस म्यूलनबर्ग (१७९६–१८७७) या धर्मगुरूने. लाँग आयलंडवरील फ्लशिंग येथे १८२८ मध्ये त्याने काढलेल्या शाळेत शिक्षक व विद्यार्थी एका कुटुंबासारखे राहत. शिक्षेपेक्षा सहवासावर आणि वर्षभरातील धार्मिक सणांच्या साजरेपणावर तेथे भर होता. स्वतः म्यूलनबर्गने ही शाळा फार काळ चालविली नाही. तथापि तिच्यातून पुढच्या शाळांचे प्रमुख बाहेर पडले. त्याचा शिष्य जॉन बॅरेट करफूट हा मेरिलंडमध्ये १८४२ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जेम्स शाळेचा पहिला प्रमुख झाला. हेन्री ऑगस्टस कोइट म्यूलनबर्गच्या संस्थेत शिकला, करफूटच्या हाताखाली त्याने अध्यापन केले आणि न्यू हँपशर राज्यातील काँकर्ड येथे १८५६ मध्ये उघडलेल्या सेंट पॉल्स शाळेचा तो पहिला ‘रेक्टर’ झाला. ते पदनाम तेथे आजही टिकून आहे, मग पदावरील व्यक्ती धर्मगुरू असो वा नसो.

संगीतातील घराण्यासारखीच ही परंपरा होती. शाळा कशी चालवावी याचे पुस्तक नव्हते. ज्येष्ठाच्या घरात राहून, त्याच्या टेबलावर जेवून, त्याच्या उपासनेत सहभागी होऊन ती विद्या उचलावयाची. या पद्धतीचा कळस एंडिकॉट पीबॉडी (१८५७–१९४४) याच्या कारकीर्दीत दिसतो. त्याचे शिक्षण इंग्लंडमध्ये चेल्टनम व केंब्रिज येथे झाले होते आणि रग्बीच्या टॉमस आर्नल्डने घडविलेला मुख्याध्यापकाचा आदर्श त्या वातावरणात रुजलेला होता. ॲरिझोनातील टूमस्टोन या खाणगावात काही महिने धर्मसेवा केल्यावर १८८४ मध्ये त्याने मॅसॅचूसेट्समध्ये ग्रोटन शाळा काढली आणि १९४० पर्यंत, म्हणजे छप्पन वर्षे, तो तिचा प्रमुख होता. अध्यक्ष फ्रँक्लिन रूझवेल्ट हा त्याचा विद्यार्थी. ग्रोटनमधील शिक्षक विल्यम ग्रीनो थेअर १८९४ मध्ये सेंट मार्क्स शाळेचा प्रमुख म्हणून गेला आणि १९३० पर्यंत तेथे राहिला. एकाच माणसाच्या स्वभावावर शाळा उभी राहते, तेव्हा तिला स्थैर्य येते खरे. पण त्याच्या दोषांवर बोट ठेवणारा कोणी उरत नाही. या परंपरेची ही उणी बाजू पुढे फार महागात पडली.

सर्वच प्रमुख ग्रोटनच्या धर्तीचे नव्हते. होली क्रॉस या संघाचा साधू फ्रेडरिक हर्बर्ट सिल याने १९०६ मध्ये कनेक्टिकटमध्ये केंट शाळा स्थापन केली. तेथे मुलेच झाडलोट करीत, जेवण वाढीत आणि शुल्क कुटुंबाच्या ऐपतीप्रमाणे घेतले जाई. मुलींच्या शाळांत नेतृत्व घडविण्याचे काम बरेचसे धर्मभगिनींच्या संघांनी केले. १८६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये स्थापन झालेल्या सेंट मेरी संघाच्या भगिनी १८७३ मध्ये मेंफिस येथे मुलींची शाळा चालविण्यास गेल्या. १८७८ च्या पीतज्वराच्या साथीत शहर ओस पडले असता त्यांनी रुग्णसेवा पत्करली आणि त्यांच्या प्रमुख सिस्टर कॉन्स्टन्स त्या साथीतच निवर्तल्या. दक्षिणेतील कृष्णवर्णीयांसाठी काढलेल्या शाळांचा इतिहास याहून निराळा आहे. गुलामगिरीत जन्मलेले जेम्स सॉलोमन रसेल (१८५७–१९३५) यांनी १८८८ मध्ये व्हर्जिनियातील लॉरेन्सव्हिल येथे सेंट पॉल्स नॉर्मल अँड इंडस्ट्रिअल स्कूल सुरू केले. अशा शाळांना निधी व मार्गदर्शन देण्यासाठी चर्चने १९०६ मध्ये एक खास संस्था स्थापिली. रसेल यांच्या शाळेचे पुढे महाविद्यालय झाले. ते २०१३ मध्ये बंद पडले.

बदललेली परिस्थिती : दुसऱ्या महायुद्धानंतर लोकसंख्या वाढली, उपनगरे पसरली आणि चर्चच्या आवारात दिवसशाळा व शिशुवर्ग मोठ्या संख्येने निघाले. त्यांना प्रमुख पुरविणे जुन्या घराण्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. शिवाय १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाविरोधी ठरविला, तर १९६२ व १९६३ च्या निर्णयांनी सरकारी शाळांतील प्रार्थना व बायबलवाचन थांबविले. या दोन्ही घटनांनंतर खाजगी शाळांकडे वळणाऱ्या पालकांचे हेतू एकसारखे नव्हते. काहींना मुलांवर धर्मसंस्कार व्हावेत असे वाटे. काहींना कृष्णवर्णीय मुलांपासून आपली मुले दूर ठेवावयाची होती. १९६३ मध्ये अटलांटातील, त्या वेळी एपिस्कोपल धर्मप्रांताशी संबंध असलेल्या लव्हेट शाळेने मार्टिन ल्यूथर किंग (धाकटे) यांच्या मुलास प्रवेश नाकारला. एपिस्कोपल कार्यकर्त्यांनी शाळेपुढे निदर्शने केली आणि अखेर शाळा व धर्मप्रांत यांचे संबंध तुटले. चर्चची शिकवण आणि विश्वस्तांची इच्छा यांत अंतर पडले, तर प्रमुखाने कोणाकडे पाहावयाचे, हा प्रश्न या प्रकरणाने उघड्यावर आणला.

याच काळात प्रमुखांची सामाजिक जडणघडणही पालटू लागली. धर्मगुरू-प्रमुखांची जागा हळूहळू सामान्यजनांतील व्यावसायिक शिक्षकांनी घेतली. १९७६ मध्ये स्त्रियांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्यास चर्चने मान्यता दिली आणि काही स्त्रिया शालेय धर्मोपदेशक म्हणून, तर काही प्रमुख म्हणून पुढे आल्या. आता शाळेच्या प्रमुखाला अर्थसंकल्प, निधिसंकलन, कायदा व मनुष्यबळ यांचे ज्ञान असते. मात्र प्रार्थनापुस्तक त्याने बहुधा पूर्वी हाताळलेले नसते. जुन्या प्रमुखाची उणीव याच्या नेमकी उलट होती.

संघटना व अभ्यासक्रम : नॅशनल असोसिएशन ऑफ एपिस्कोपल स्कूल्स ही या क्षेत्रातील मध्यवर्ती संघटना होय. तिची मुळे १९३० च्या दशकात असून तिला १९६५ मध्ये रीतसर सनद मिळाली. सभासदत्व ऐच्छिक असून शाळांवर हुकूम चालविण्याचा अधिकार तिला नाही. दर दोन वर्षांनी भरणारी परिषद, प्रमुख, विश्वस्त, धर्मोपदेशक व शिशुशाळा-संचालक यांच्यासाठी वेगवेगळी सत्रे, सल्ला आणि ‘चांगल्या व्यवहाराची तत्त्वे’ सांगणाऱ्या पुस्तिका ही तिची साधने. नैर्ऋत्येकडील राज्यांत साउथवेस्टर्न असोसिएशन ऑफ एपिस्कोपल स्कूल्स ही प्रादेशिक संघटना अधिमान्यताही देते.

निव्वळ व्यवस्थापनविषयक शिक्षण मुख्यतः पंथनिरपेक्ष संस्थांतून मिळते. दोन जुन्या संघटनांच्या विलीनीकरणातून १९६२ मध्ये निर्माण झालेली नॅशनल असोसिएशन ऑफ इंडिपेंडंट स्कूल्स नव्या प्रमुखांसाठी उन्हाळी वर्ग चालविते. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये १९७७ मध्ये स्थापन झालेल्या क्लिंगेनस्टाइन केंद्राने कार्यरत प्रमुखांसाठी दोन आठवड्यांचा निवासी अभ्यासक्रम सुरू केला. धर्मशास्त्राच्या बाजूने पाहता, व्हर्जिनियातील ॲलेक्झांड्रिया येथील धर्मशास्त्रीय विद्यालयाने (स्थापना १८२३) शैक्षणिक नेतृत्व हा विषय घेऊन धर्मसेवेची डॉक्टर पदवी संपादन करण्याची सोय केली. एपिस्कोपल शाळेच्या प्रमुखाला या दोन्ही घरांत वावरावे लागते आणि दोहोंची भाषा सारखी नाही. एका ठिकाणी पटसंख्या व राखीव निधी यांची चर्चा चालते, तर दुसऱ्या ठिकाणी संस्कार व समुदाय यांची.

परिषदा व अभ्यासक्रम यांचा गाजावाजा अधिक होतो. पण अनुभवी प्रमुख ज्याला खरे शिक्षण मानतात, ते अधिमान्यतेच्या तपासणीत घडते. ठराविक वर्षांनी प्रत्येक शाळा आपल्या कारभाराचे आत्मपरीक्षण लेखी स्वरूपात सादर करते. त्यानंतर अन्य शाळांतील प्रमुख व शिक्षक यांचे पथक काही दिवस शाळेत राहते, वर्गात बसते, हिशेब पाहते, विद्यार्थ्यांशी बोलते आणि अहवाल देते. ज्याची शाळा तपासली जाते त्याला आपल्या चुका कळतात. पथकातून जाणाऱ्याला त्याहून अधिक मिळते. कारण परक्याच्या स्वयंपाकघरात शिरल्याशिवाय आपली चूल कशी धुरकट आहे, हे ध्यानात येत नाही. भावी प्रमुखाने निवडीपूर्वी अशा एकदोन पथकांत काम करावे, असा सल्ला म्हणूनच दिला जातो.

पॅरिश-शाळेतील द्विदल : पॅरिशच्या शाळेत दोन प्रमुख असतात. चर्चचा रेक्टर हा पॅरिशचा आध्यात्मिक व प्रशासकीय अधिकारी, तर शाळाप्रमुख हा शाळेचा. रेक्टर बहुधा शाळेच्या मंडळाचा पदसिद्ध सदस्य असतो आणि काही ठिकाणी अध्यक्षही. शाळा कायद्याने स्वतंत्र संस्था म्हणून नोंदलेली नसेल, तर ती पॅरिशचाच एक भाग असते आणि पॅरिशचे कार्यकारी मंडळ, ज्याला व्हेस्ट्री म्हणतात, तेच शिक्षकांचे खरे मालक ठरते. शाळाप्रमुखाला आपण नोकर कोणाचे आहोत, हे नेमणुकीच्या पत्रावरून पुष्कळदा कळत नाही.

भांडणे तत्त्वावरून क्वचित, जागेवरून नेहमी होतात. ज्या खोल्यांत सोमवार ते शुक्रवार शिशुवर्ग भरतो, त्याच खोल्यांत रविवारी धर्मशिक्षणाचे वर्ग चालतात. भिंतीवरची चित्रे कोणी काढावयाची, छप्पर गळले तर खर्च कोणी द्यावयाचा, शाळेच्या शिलकीतून चर्चची तूट भरून काढणे योग्य की अयोग्य, असे हे वाद असतात. पॅरिशचे सभासद घटत जातात आणि शाळेचा पट वाढत जातो, तेव्हा वादाला धार येते. पाहुण्याला ओसरी द्यावी आणि त्याचा संसार घरभर पसरावा, तशी काही सभासदांची भावना होते. शाळेच्या बाजूने पाहता, आपल्या पैशावर इमारत उभी असून मान दुसऱ्याला मिळतो, असे वाटते. रेक्टर बदलला की सर्व अलिखित करार कोलमडतात, कारण नव्या रेक्टरला शाळा नको असण्याचाही संभव असतो. धर्मशास्त्रीय शिक्षणात शाळा चालविण्याचा विषय सहसा नसतोच.

यावर प्रशिक्षणात सुचविलेले उपाय साधे आहेत. जागेचा वापर, भाडे व दुरुस्ती यांचा लेखी करार असावा. रेक्टर व प्रमुख यांची ठराविक दिवशी भेट व्हावी आणि ती केवळ तंटा उद्‌भवल्यावर होऊ नये. एकाच्या नेमणुकीच्या वेळी दुसऱ्याचे मत विचारले जावे. मंडळाने धोरण ठरवावे आणि दैनंदिन कारभारात हात घालू नये. शेवटचा नियम सर्वांना पाठ असतो आणि सर्वाधिक मोडला जातो तोही हाच. कारण मंडळातील पुष्कळ सदस्य त्याच शाळेतील मुलांचे पालक असतात. रेक्टर व प्रमुख यांनी शक्य तर परिषदेच्या सत्राला जोडीने यावे, असा आग्रह धरला जातो. एकट्याने ऐकलेले तत्त्व घरी परतल्यावर दुसऱ्याला पटविणे कठीण जाते, हा त्यामागील अनुभव.

धार्मिक ओळख : मध्यवर्ती संघटनेने एपिस्कोपल शाळेची ओळख चार बाबींत सांगितली आहे : सामूहिक उपासना, समुदायजीवन, धर्मविषयक अध्ययन व जडणघडण आणि सामाजिक न्याय. मुलांचे धर्मांतर हा त्यांतील हेतू नाही. तेव्हा हिंदू वा ज्यू विद्यार्थ्याने उपासनेत बसावयाचे ते कशासाठी, याचा विचार प्रमुखाला करावा लागतो. सर्वांना चालेल म्हणून प्रार्थना इतकी पातळ करावयाची की तिच्यात काहीच उरू नये, हा एक मोह. परंपरेचा आग्रह धरून अन्यधर्मीयांना परके करावयाचे, हा दुसरा. चांगल्या शाळांतून पंथाची उपासना स्पष्टपणे त्या पंथाची म्हणूनच होते आणि इतरांना तीत मौन राखण्याची मुभा असते. सामाजिक न्यायाची कसोटी याहून कठोर आहे. भारी शुल्क घेणाऱ्या शाळेने न्यायाचा पाठ द्यावा, यातील विसंगती विद्यार्थ्यांच्या लवकर ध्यानात येते. शिष्यवृत्त्यांसाठी किती निधी राखला आहे, हा आकडा अशा वेळी प्रवचनापेक्षा अधिक बोलतो.

धर्मोपदेशकाचे स्थानही नाजूक असते. तो प्रमुखाच्या हाताखालचा कर्मचारी असतो, त्याच वेळी बिशपला बांधलेला असतो आणि मुलांनी विश्वासाने सांगितलेले जपणाराही असतो. कायद्याच्या दृष्टीने सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ व २०२० च्या निर्णयांनी धार्मिक कार्य करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या नेमणुकीत व बडतर्फीत चर्च-शाळांना व्यापक मोकळीक दिली. हे निर्णय ल्यूथरन व कॅथलिक शाळांच्या खटल्यांतील असले, तरी एपिस्कोपल शाळांनाही त्यांचा विचार करावा लागतो. मोकळीक आहे म्हणून ती वापरावी काय, हा प्रश्न कायद्याच्या व्याख्यानात सुटत नाही.

मुलांची सुरक्षितता : नेतृत्वविषयक प्रशिक्षणाला सर्वांत मोठा धक्का लैंगिक अत्याचारांच्या प्रकरणांनी दिला. ऱ्होड आयलंडमधील सेंट जॉर्जेस शाळेत अनेक दशकांपूर्वी विद्यार्थ्यांवर झालेल्या अत्याचारांचा स्वतंत्र चौकशी अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी पीडितांशी तडजोड झाली. सेंट पॉल्स शाळेबाबतचा असाच अहवाल २०१७ मध्ये बाहेर आला. राज्याने फौजदारी तपास आरंभिला आणि २०१८ मध्ये झालेल्या समझोत्यानुसार शाळेला आपल्या कारभारावर स्वतंत्र निरीक्षक स्वीकारावा लागला. अत्याचारांइतकीच अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे त्या त्या काळी वरिष्ठांनी बाळगलेले मौन. गुन्हेगार शिक्षकाला गाजावाजा न करता काढून टाकावयाचे आणि शाळेचे नाव राखावयाचे, हा शहाणपणा समजला जाई. तो शिक्षक मग दुसऱ्या शाळेत शिकवू लागे. एका व्यक्तीच्या शब्दावर चालणारी, कुटुंबाची उपमा मिरविणारी शाळा अशा वेळी स्वतःचीच चौकशी करू शकत नाही.

परिणामी कर्मचाऱ्यांची पूर्वचौकशी, तक्रार थेट शासनयंत्रणेकडे पोचविण्याचे कायदेशीर बंधन, वसतिगृहातील प्रौढांच्या वर्तनाचे नियम, माजी विद्यार्थ्यांच्या जुन्या तक्रारींना द्यावयाचे उत्तर हे विषय प्रमुखांच्या व विश्वस्तांच्या प्रशिक्षणात समाविष्ट झाले. यांतील जुन्या तक्रारींचा भाग सर्वांत अवघड आहे. वकील मौनाचा सल्ला देतो, विमाकंपनी खर्चाचा हिशेब मांडते आणि पन्नाशीतील माजी विद्यार्थी केवळ आपले ऐकून घेतले जावे म्हणून दारात उभा असतो.

मर्यादा : या सर्व सोयींचा लाभ प्रामुख्याने मोठ्या व सधन शाळांना होतो. त्यांच्याजवळ प्रवासखर्च असतो, प्रमुखाच्या गैरहजेरीत काम पाहणारे सहकारी असतात आणि काही ठिकाणी त्याला अभ्यासासाठी रजाही मिळते. एपिस्कोपल शाळांमध्ये शिशुवर्गांची संख्या मोठी आहे आणि त्यांच्या संचालक बहुतेक स्त्रिया असतात. कोणी शिक्षिका आजारी पडली, तर संचालिकेलाच वर्ग घ्यावा लागतो. आठवडाभराच्या परिषदेला जाणे तिला परवडत नाही. चर्चच्या हैतीतील धर्मप्रांतात, जेथे १८६१ पासून या परंपरेचे कार्य चालू आहे, परिस्थिती आणखी बिकट आहे. २०१० च्या भूकंपात पोर्ट-ओ-प्रिन्स येथील होली ट्रिनिटी कॅथीड्रल व त्याची शाळा जमीनदोस्त झाली. तेथील प्रमुखांपुढे प्रथम वर्ग कोठे भरवावयाचे, हाच प्रश्न होता. शेजारच्या शाळांच्या प्रमुखांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून आपापल्या अडचणी मांडणे, हा कमी खर्चाचा मार्ग लहान शाळांना उपयुक्त ठरतो. त्यासाठी कोणताही अभ्यासक्रम लागत नाही. मात्र पटासाठी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या शाळांच्या प्रमुखांनी एकमेकांजवळ मन मोकळे करण्याची तयारी लागते.